चादरीखालचा रणगाडा

आरसा ऑफिसात आला त्या दिवशी भावोजींनी त्याच्याकडे पाठ करून डबा खाल्ला.

आरसा म्हणजे कॉम्प्युटर. पडदा, पेटी, स्पीकर, कॅमेरा असं सगळं एकाच पातळ चौकटीत कोंबलेलं आणि मागून एकुलती एक वायर लोंबणारी, तो प्रकार. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं आणि खोक्यावर एक हसरी बाई छापली होती. पण तो खोक्यातून बाहेर आल्यावर, अजून चालूही केला नव्हता तेवढ्यात, त्याच्या काळ्या काचेत बघून धाकट्याने दोनदा केस नीट केले. भावोजींनी ते पाहिलं आणि त्याच क्षणी त्याचं नाव ठेवलं.

धाकटा हा भावोजींच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि स्टुडिओचा मालक. स्टुडिओ कॉम्प्युटरवर चित्रपट बनवायचा, म्हणजे पंपाच्या आत पाणी कसं फिरतं, कुलपात चावी कशी बसते, असले. कामं भावोजींची बायको आणायची आणि पडद्यावर दिसणारा प्रत्येक प्रकाशाचा कवडसा भावोजी बसवायचे. मालक त्यांना भावोजी म्हणायचा, म्हणून अॅनिमेटर म्हणायची, आवाजवाला म्हणायचा, पाण्याचे कॅन आणणारा म्हणायचा, समोरचा झेरॉक्सवालाही म्हणायचा. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. बायकोला सगळे ताई म्हणत.

"भावोजी, बघा तरी एकदा," धाकटा म्हणाला. "टेबलावर किती जागा झाली."

"जागा झाली ना? मग तिथे फुलदाणी ठेव. तीही एवढंच काम करेल."

"मोठमोठे स्टुडिओ आता हेच वापरतात."

"वापरतात कुठे? रिसेप्शनला. येणाऱ्याला वही पुढे करून सही घ्यायला." भावोजींनी डब्याचं झाकण लावलं. "अरे, जो कॉम्प्युटर उघडता येत नाही, ज्यात नवीन पार्ट घालता येत नाही, जो तापला तर त्याला फुंकर मारण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही, त्याला मी काम करायचं यंत्र म्हणू? दोन बोटं जाडीच्या वस्तूत काय दम असणार?"

ते बोलत होते तेव्हा त्यांचा एक पाय टेबलाखालच्या रणगाड्यावर होता. रणगाडा म्हणजे त्यांचा जुना कॉम्प्युटर. साडेनऊ वर्षांपूर्वी एकेक भाग निवडून, स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून त्यांनी तो जोडला होता. गुडघ्याएवढा उंच, काळा, एका बाजूचं पत्र्याचं झाकण कायमचं काढलेलं आणि त्या उघड्या बाजूला एक छोटा पंखा तारेने बांधलेला. तो चालू झाला की फोनवर बोलणारा माणूस उठून बाहेर जायचा. भावोजींना मात्र त्या घरघरीशिवाय कामात लक्ष लागत नसे. घरीही रविवारी दुपारी ते उगाचच मिक्सरपाशी घुटमळायचे.

आरशाची परीक्षा त्यांनी लगेच घेतली. परीक्षा कसली, ती सुपारी होती. चालू असलेल्या कामातला सगळ्यात जड प्रसंग उघडला, त्याच्यासोबत वीस चित्रं उघडली, दोन व्हिडिओ लावले आणि वर एक झाड घातलं, पंधरा हजार पानांसकट. आरसा तीन मिनिटं विचार करत बसला आणि गोठला.

"झालं," भावोजी समाधानाने म्हणाले.

"पण भावोजी, आपली फिल्म गुडघ्याची आहे," धाकटा म्हणाला. "त्यात झाड कुठून आलं?"

"क्लायंटने उद्या मागितलं तर?"

"गुडघ्यात झाड?"

"क्लायंट काय वाट्टेल ते मागतात. तुझ्या फुलदाणीला ते कोण सांगणार?"

गुडघ्याची ती फिल्म ही साधी गोष्ट नव्हती. एक हाडांचे डॉक्टर कृत्रिम सांधा बसवण्याची नवी पद्धत घेऊन महिन्याभराने परिषदेला जाणार होते आणि तिथे तीन मिनिटांची फिल्म दाखवणार होते. हॉस्पिटलचं काम स्टुडिओला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते मिळवायला ताईंनी त्या डॉक्टरांच्या बाकड्यावर, खरोखरच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या रांगेत, चार सकाळी काढल्या होत्या. तारीख चुकणार नाही असा शब्द त्यांनी स्वतः दिला होता.

म्हणून झाडाचं प्रकरण कानावर येताच ताई त्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या दोघांच्या भांडणात माझा गुडघा अडकवू नका," त्या म्हणाल्या. "कशावर करायची ती करा, पण फिल्म वेळेत द्या."

"ताई, ती आरशावरच होणार," धाकटा म्हणाला. भावोजींनी ठेवलेलं नाव तोसुद्धा बोलून गेला. "आणि तो रणगाडा आता हलवूया. क्लायंट त्याला अडखळतात. तुझ्या त्या मैत्रिणीची शाळा कॉम्प्युटर मागत होती ना, तिला देऊन टाक."

भावोजींचा चेहरा उतरला. पण उतरलेला चेहरा दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"द्या ना. आजच द्या. शाळेला द्या, नाही तर रस्त्यावर ठेवा. मला काय? माझं इथे ऐकतं कोण?"

असं म्हणून ते ताडकन उठले आणि हात धुवायला गेले. असल्या वाक्यांचा अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो, एवढं बायकोला कळत असेल, अशी त्यांची समजूत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, त्यामुळे ती समजूत पक्की होती.

शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर भावोजींनी आपला बेत अमलात आणला.

बेत सोपा होता. आरसा नापास व्हावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण आरसा नापास म्हणजे फिल्म नापास, आणि फिल्म नापास म्हणजे बायकोचा शब्द खाली पडणार. तेव्हा फिल्म तर व्हायलाच हवी होती, फक्त ती आरशाने करायची नव्हती. रणगाड्याने करायची, कोणाला न सांगता. धाकट्याला वाटू द्यायचं की आरसाच करतोय. त्याला हवी तेवढी छाती फुगवू द्यायची. आणि फिल्म दाखवून झाली की सगळ्यांसमोर सत्य उघड करायचं. या शेवटच्या भागाचा विचार करताना भावोजींना जिन्यात एकट्यालाच हसू आलं.

त्यांनी रणगाडा ढकलत ढकलत अडगळीच्या खोलीत नेला. जुन्या पडद्याच्या दांड्या आणि मोडक्या खुर्च्या बाजूला करून त्याला कोपऱ्यात बसवला, आरशापासून एक लांब वायर भिंतीच्या कडेने खोलीपर्यंत ओढून त्याला जोडली आणि धाकट्याला दिसू नये म्हणून वर निळ्या चौकटीची एक जुनी चादर घातली. मग आरशासमोर बसून नमुन्याचं एक चित्र करायला दिलं.

इथे थोडं समजून घ्यायला हवं. पडद्यावर एका सेकंदाला पंचवीस चित्रं सरकतात. तीन मिनिटं म्हणजे साडेचार हजार. त्या प्रत्येक चित्रात धातूवर प्रकाश कुठून पडला, हाडावर सावली किती गेली, याचा हिशेब कॉम्प्युटर करत बसतो. याला रेंडर म्हणतात आणि सगळा वेळ तिथेच जातो. भावोजींच्या प्रोग्रॅमची रीत अशी होती की वायरीच्या दुसऱ्या टोकाला मदतीचं यंत्र सापडलं तर काम त्याच्याकडे पाठवायचं. नाही सापडलं तर तसं पडद्यावर कळवायचं आणि आपलं आपण करायला बसायचं.

रणगाडा सापडला. पडद्यावर भलामोठा संदेश आला की काम दुसऱ्या यंत्राकडे पाठवलं आहे. खोलीतून ओळखीची घरघर सुरू झाली आणि साडेतीन मिनिटांत गुडघ्याचं एक झकास चित्र तयार झालं. भावोजींचा जीव भांड्यात पडला. पण हा संदेश दर वेळी असा पडद्यावर झळकला, तर धाकटा काही आंधळा नव्हता. संदेशाच्या खाली एक छोटी चौकट होती, 'असे संदेश पुन्हा दाखवू नका'. भावोजींनी त्यात खूण केली, आपल्या हुशारीवर खूश झाले आणि रणगाडा चालूच ठेवून घरी गेले.

सोमवारी सकाळी त्यांनी साडेचार हजार चित्रांचं काम सुरू करून दिलं. मग हळूच खोलीकडे गेले. चादर जशीच्या तशी होती, वायर चादरीखाली गेलेली होती आणि आतून मंद गुणगुण येत होती. नेहमीपेक्षा बरीच मऊ. चादरीमुळे आवाज दबला असणार. त्यांनी चादरीवरून हात फिरवला. कडेला छान कोमट लागत होतं.

"कर बाबा," ते पुटपुटले. "दाखव त्याला."

चादर उचलायची नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. उचलताना कोणी पाहिलं तर एवढ्या बेतावर पाणी. तशी उचलायची गरजही नव्हती. आवाज ऐकला की त्यांना सगळं कळायचं. गुणगुण थांबली की चित्रांचा एक गठ्ठा झाला, पुन्हा सुरू झाली की पुढचा घेतला. दिवसातून चार वेळा ते खोलीत जायचे, चादरीवर हात ठेवायचे आणि भरून पावल्यासारखे परत यायचे.

इकडे टेबलावर आरशाची मागची बाजू तव्यासारखी तापली. आतला नखाएवढा पंखा चिरक्या आवाजात ओरडायला लागला.

"बघा भावोजी," धाकटा म्हणाला. "कसला कामाला लागलाय."

"लागलाय खरा," भावोजी म्हणाले आणि त्यांनी ओठ चावून हसू दाबलं. नुसता निरोप इकडून तिकडे पोचवायचा तर याला एवढा घाम फुटतो. खरं काम दिलं असतं तर जागच्या जागी वितळला असता. त्यांनी अॅनिमेटरला बोलावून आरशाच्या पाठीला हात लावायला लावला. "ही तुमची नवी पिढी. काही न करता दमते."

"मी दमले नाही हो भावोजी."

"तुला नाही म्हणालो. हा बघ, हा."

एक गोष्ट मात्र त्यांना खटकायला लागली. अडगळीच्या खोलीत माणसांची ये-जा वाढली होती. ज्या खोलीत वर्षभर कोणी फिरकत नव्हतं, तिथून आवाजवाला दुपारी तोंड पुसत बाहेर आला.

"काय रे, आत काय शोधत होतास?"

आवाजवाला जागीच थबकला. "काही नाही भावोजी. वायर."

"सापडली?"

"नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी अॅनिमेटर आतून दार लोटून उभी होती. भावोजी दार ढकलणार तेवढ्यात तीच बाहेर आली. तिचा एक हात मागे होता.

"काही दिसलं का आत?" भावोजींनी सावधपणे विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मलाही नाही."

दोघं एकमेकांकडे बघून हसली आणि आपापल्या वाटेने गेली. भावोजी खुर्चीत येऊन बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे यांना कळलंय. चादरीखाली काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे आणि धाकट्याच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळे तोंड बंद ठेवून आहेत. आपल्या हाताखालची माणसं इतकी इमानी असतील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. उगाच आपण त्यांच्यावर इतकी वर्षं खेकसलो, असं वाटून त्यांनी आवाजवाल्याला स्वतःच्या डब्यातली भाजी दिली.

हिशेबाने अकरा दिवसांत काम संपायला हवं होतं. अकराव्या दिवशी पाहिलं तर निम्मंही झालं नव्हतं. भावोजी तडक उठले. त्यांनी खोलीत जाऊन चादरीला कान लावला. गुणगुण शांतपणे चालू होती. शेवटी साडेनऊ वर्षं वय म्हणजे कॉम्प्युटरच्या मानाने पिकलं पानच ते. शिवाय निरोप्या असला कुचकामी, एकेक चित्र इकडून तिकडे न्यायला तो अख्खा जन्म लावत असणार. दोष त्याचाच.

"दमानं घे," भावोजी चादरीला म्हणाले. "पण घे."

त्या दिवसापासून आठ-दहा दिवस त्यांचा जेवणात जीव नव्हता. ताईंनी दोनदा विचारलं, "होतंय ना हो?" आणि दोन्ही वेळा ते "होईल" म्हणाले, पण बायकोच्या डोळ्यांकडे बघून म्हणायचं त्यांचं धाडस झालं नाही. डॉक्टरांच्या बाकड्यावर बसलेली ती त्यांना दिसायची.

धाकट्याची छाती मात्र रोज दोन बोटं वाढत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो आरशापाशी उभा करायचा. व्यवसायातल्या चार मालकांना त्याने फोन करून सांगितलं की अवघड रेंडर या एका पातळ यंत्रावर चालू आहे, या आणि बघा. आणखी सहा आरसे घ्यायचं तो बोलायला लागला. भावोजी त्याला अडवत तर नव्हतेच, वर तेल घालत होते.

"चौघांनाच कशाला? सगळ्यांना बोलाव. डॉक्टरांसमोरच दाखवू."

"म्हणजे तुम्ही मान्य करताय?"

"मी कशाला मान्य करू? फिल्म होऊ दे, मग बघू."

"तसं नाही भावोजी. लिहून द्या."

भावोजी या क्षणाचीच वाट बघत होते. त्यांनी कोरा कागद ओढला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं. 'ही फिल्म या आरशाने एकट्याने केलेली असेल, तर आजपासून या ऑफिसात मी कोणत्याही यंत्राबद्दल एक शब्दही बोलणार नाही.' खाली सही केली.

"कोणत्याही?" आवाजवाल्याने वाचून विचारलं. त्याला ते अशक्य वाटलं. भावोजी यंत्रांशिवाय दुसरं काही बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. लग्नाला गेले तरी ते नवरानवरीकडे न बघता जनरेटरपाशी उभे असायचे.

"कोणत्याही," भावोजी म्हणाले. धाकट्याने तो कागद काचेत मढवून भिंतीवर लावला.

पंचविसाव्या दिवशी, परिषदेला दोन दिवस उरले असताना, शेवटचं चित्र तयार झालं. भावोजी खोलीत गेले आणि चादरीला चक्क मिठी मारून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमले. ते चार मालक, डॉक्टर, ताई, अॅनिमेटर, आवाजवाला. खिडक्यांचे पडदे ओढले आणि फिल्म लावली. खरं सांगायचं तर ती उत्तम झाली होती. धातूचा सांधा हळूच वळायचा, त्याच्यावरून उजेड घरंगळत जायचा, हाडाच्या कडेला मऊ सावली पडायची. डॉक्टर बघता बघता आपलाच गुडघा चोळायला लागले. फिल्म संपल्यावर ते ताईंना म्हणाले, "तुम्ही शब्द पाळलात," आणि ताईंनी महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग धाकटा बोलायला उभा राहिला. सडपातळ यंत्रं, नवा काळ, मोठमोठ्या पेट्यांचे दिवस संपले, असं तो दहा मिनिटं बोलला. चार मालक माना डोलावत होते. त्यातल्या एकाने आरशाच्या काचेत बघून मिशी सारखी केली.

"एक मिनिट," भावोजी म्हणाले आणि उठले.

हे एक मिनिट त्यांनी पंचवीस दिवस घोळवलं होतं. त्यांनी हाताने सगळ्यांना मागे येण्याची खूण केली. वरात अडगळीच्या खोलीपाशी आली. आवाजवाला आणि अॅनिमेटर यांनी एकमेकांकडे पाहिलं. "भावोजी, आत नको," आवाजवाला हळूच म्हणाला.

"घाबरू नकोस," भावोजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मला माहीत आहे की तुम्हाला सगळं माहीत आहे. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

आवाजवाल्याला काही कळेना.

"मंडळी," भावोजी चादरीशेजारी उभे राहून म्हणाले, "बाहेर तुम्ही जे पाहिलंत तो निरोप्या. निरोप पोचवता पोचवता त्याची पाठ भाजून निघाली. गुडघा त्याने नाही केला. गुडघा याने केला. साडेनऊ वर्षांचा आहे, मालकाला नकोसा आहे, महिनाभर इथे अंधारात तोंड झाकून बसलाय आणि एक चित्रसुद्धा चुकलेला नाही. ऐका, अजून आवाज येतोय. यंत्राला रूप लागत नाही, त्याला पोट लागतं."

आणि त्यांनी चादर ओढली.

चादरीखाली एक छोटा पांढरा फ्रिज होता. दारावर कोणीतरी जुनं लेबल चिकटवलेलं होतं, 'शिक्षकांची खोली'. लांब वायरीचं टोक गुंडाळून, रबर लावून, नीट त्याच्या डोक्यावर ठेवलेलं होतं. फ्रिज मंद गुणगुणत होता.

डॉक्टरांना वाटलं, हेही कॉम्प्युटरचं एखादं नवं मॉडेल असेल. ते वाकून बघायला लागले.

"अहो," ताई पुढे येत म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"रणगाडा कुठे आहे?" भावोजींनी विचारलं.

"शाळेत. चौथीच्या वर्गात. मुलं चित्रं काढतात त्याच्यावर."

"कधी गेला?"

"तुम्ही द्या म्हणालात ना? रविवारी त्यांची गाडी आली. मी आले तर तुम्ही आधीच इथे आणून, झाकून ठेवला होता. मला वाटलं, द्यायचा म्हणून झाकून ठेवलाय, फक्त बंद करायचा राहिलाय. बदल्यात त्यांनी हा फ्रिज दिला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही विषय काढला नाहीत, मीही काढला नाही."

"आणि ही चादर?"

ताई जरा घुटमळल्या. मग त्यांनी फ्रिजचं दार उघडलं. आत आइस्क्रीमचे डबे होते. प्रत्येकावर पट्टी चिकटवून ज्याचा डबा त्याचं काम लिहिलं होतं. आवाज. अॅनिमेशन. एका मोठ्या डब्यावर, मालक. "तुमची साखर वाढली आहे ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या नजरेला पडू नये म्हणून झाकून ठेवला. या सगळ्यांना मीच सांगितलं होतं, भावोजींना कळू देऊ नका."

भावोजींनी इमानी माणसांकडे पाहिलं. इमानी माणसं जमिनीकडे बघत होती.

चारपैकी एका मालकाने मग तो प्रश्न विचारला, जो भावोजींच्या डोक्यात आधीच सुरू झाला होता. "पण मग रेंडर कोणी केला?"

सगळ्यांनी माना वळवल्या. टेबलावर आरसा बसला होता, बंद, काळा, थंड. भावोजींच्या डोळ्यांपुढे एक छोटी चौकट आली आणि तिच्यात त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली खूण. मदतीचं यंत्र सापडलं नाही, हा संदेशही त्या खुणेनेच गिळला होता. पंचवीस दिवस. साडेचार हजार चित्रं. एकेकाला आठ मिनिटं. तो एकटा बोंबलत होता, तापत होता, आणि आपण अॅनिमेटरला बोलावून त्याची पाठ दाखवत होतो. आपण मिठी मारली ती मात्र आइस्क्रीमला.

"भावोजी," धाकटा म्हणाला. तो हसलाही नाही आणि तेच जास्त लागलं. त्याने फक्त भिंतीकडे बोट केलं.

भावोजींनी काचेतला कागद मनातल्या मनात वाचला, मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले. ताईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी एका वाटीत चमचाभर आइस्क्रीम घालून त्यांच्यासमोर ठेवलं. डॉक्टरांनी व्हॅनिला घेतलं. चार मालकांनाही मिळालं.

वाट्या हातात होत्या तेव्हाच डॉक्टर म्हणाले, "गुडघा मला फार आवडला. आता आमच्या कॉलेजला पूर्ण शरीर हवंय. सगळी हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या. चाळीस मिनिटांची फिल्म. दीड महिन्यात द्याल?"

"देऊ ना," धाकटा म्हणाला. "आमचा आरसा आहे."

भावोजींचा चमचा वाटीतच थांबला. आता या खोलीत एकच माणूस असा होता की ज्याला आरशाची ताकद अगदी मोजून माहीत होती, कमी नाही आणि जास्त नाही. तीन मिनिटांचा गुडघा तो करू शकतो, चांगला करतो, हे त्यांना आता मान्य होतं. पण चाळीस मिनिटं म्हणजे साठ हजार चित्रं. एकेकाला आठ मिनिटं म्हणजे अकरा महिने, तेसुद्धा त्याची पाठ टिकली तर. एवढा हिशेब त्यांनी एका श्वासात केला, तोंड उघडलं, भिंतीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

धाकट्याने होकार दिला खरा, पण सवयीने त्याची नजर भावोजींकडे गेली. बारा वर्षांत त्याने कुठलंही काम घेतलं की त्या खुर्चीतून आधी 'हं' यायचं आणि मग तोंडसुख. आज काहीच आलं नाही. त्याने चमचा खाली ठेवला.

"जमेल ना, भावोजी?"

भावोजींनी सावकाश एक घास घेतला.

"भावोजी, बोला ना काहीतरी. नाव ठेवा, शिव्या द्या."

"सांगा ना हो," ताई म्हणाल्या. "काही अडचण आहे का?"

भावोजींनी काचेतल्या कागदाकडे बोट केलं. डॉक्टर घड्याळ बघत ताईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "मग ठरलं. दीड महिना. तुमचा शब्द म्हणजे प्रश्नच नाही." ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा वाटी चाटत होता, पण त्याचे डोळे भरून आले होते.

भावोजींच्या खुर्चीतून अडगळीच्या खोलीचं दार सरळ दिसायचं. आत फ्रिजचं दार सताड उघडं राहिलं होतं. मालक असं लिहिलेल्या डब्याखालून गुलाबी ओघळ फरशीवर उतरला होता आणि चादरीच्या दिशेने सरकत होता. त्यांना तो स्पष्ट दिसत होता. पण फ्रिज हेही यंत्रच, म्हणून ते काही बोलले नाहीत.